तीनशेचा ससा, हजाराचं बिल

पांढरा ससा आठवडी बाजारात किंवा पाखरं-मासे विकणाऱ्या दुकानात दोनशे-तीनशे रुपयांना मिळतो. पोरं हट्ट करतात, आपण आणतो. मग एक दिवस तो खाईनासा होतो, लेंड्या बंद होतात आणि घरातलं कुणीतरी विचारतंच, "तीनशेच्या सशाला हजाराचं औषध करायचं का?" हा प्रश्न सुटेपर्यंत बहुतेक घरांत दोन दिवस निघून जातात. सशाच्या या दुखण्यात सगळ्यात महाग पडतात ते हेच दोन दिवस. पहिल्या दिवशी सात-आठशे रुपयांत निभावलं असतं, त्याचे तिसऱ्या दिवशी चार-पाच हजार होतात, आणि एवढं करूनही ससा हाती लागेलच याची खात्री नसते.

म्हणून रुपयांआधी तास मोजायला हवेत. कुत्रं दिवसभर जेवलं नाही तर "उद्या खाईल" म्हणून चालतं. सशाचं तसं चालत नाही. त्याच्या पोटात सतत काहीतरी पुढे सरकत राहावं लागतं. ते थांबलं की गॅस धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे वरच्या बाजूनेही सुटका नाही. उपाशी राहिला की अंगची चरबी जळायला लागते आणि यकृतावर ताण येतो, लठ्ठ सशाच्या बाबतीत तर फारच लवकर. दहा-बारा तास एक पानही खाल्लं नसेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.

आपण याला सरसकट बद्धकोष्ठ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. बद्धकोष्ठ म्हटलं की घरातल्या थोरामोठ्यांना एरंडेल आठवतं, नाहीतर पोट साफ करायचं चूर्ण. सशाचं मात्र बहुतेक वेळा आतड्याचं चलनवलनच थांबलेलं असतं, आणि कोरड्या लेंड्या हा त्याचा नुसता परिणाम असतो. अशा वेळी जुलाबाचं औषध दिलं तर अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं. एरंडेल, चूर्ण, एनिमा यांपैकी काहीच द्यायचं नाही.

पिंजऱ्याचा तळ रोज बघायची सवय असेल तर हे दुखणं एक दिवस आधी कळतं. चांगल्या सशाची लेंडी गोल, साधारण हरभऱ्याएवढी आणि कोरडी असते. बोटांनी चुरडली तर आत गवताचा भुगा दिसतो. मोठा ससा दिवसाला अशा दोन-तीनशे लेंड्या टाकतो. त्या बारीक, काळपट, वेड्यावाकड्या झाल्या किंवा केसांनी एकमेकींना गुंफलेल्या दिसल्या, तर आत गाडी अडखळते आहे असं समजायचं. याशिवाय मऊ, ओलसर, द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या लेंड्याही असतात. त्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड लावून खातो, आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. ते बघून कुणी जुलाब समजून औषध देऊ नये.

काही लक्षणांत घरचा उपाय करत बसायलाही वेळ नसतो: पोट ताणून टणक झालं आहे, कान गार पडले आहेत, ससा कोपऱ्यात अंग आखडून दात करकरतो आहे, किंवा उचलला तरी प्रतिकार करत नाही. सशाचं अंगचं तापमान साडेअडतीस ते चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते अडतीसच्या खाली आलं तर प्रकरण गंभीर आहे. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू असेल तर बारा तासांची सवलतही धरू नका.

पहिले दोन तास, दोनशे रुपये

डॉक्टर मिळेपर्यंत हातपाय गाळून बसायचं कारण नाही. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून सशाच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला लांब सरकता येईल. मात्र उन्हाळा असेल आणि ससा उकाड्यानेच धापा टाकत असेल तर उलट करायचं: सावली, ओल्या फडक्याने कान पुसणं, आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली. एप्रिल-मे महिन्यांत सांगली-मिरजेकडे पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याखालच्या पिंजऱ्यातला ससा त्या दिवसांत अन्न सोडतो ते पोटापेक्षा उन्हाने.

ताजी कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला नळाखाली धुऊन, पाणी न झटकता समोर ठेवा. पोट ताणलेलं नसेल तर बिनसुईच्या पाच मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी देता येतं. ससा चारी पायांवर बसलेलाच हवा; उताणा केला तर पाणी फुप्फुसात जातं. सिरिंज पुढच्या दातांच्या मागच्या मोकळ्या जागेतून, बाजूने आत घालायची आणि अर्धा-अर्धा मिली सोडत, तो गिळतो आहे का ते बघत राहायचं. सिरिंज पाच-दहा रुपयांना मिळते. त्याच पद्धतीने पातळ खाणं भरवता येतं, पण डॉक्टरांनी पोट चाचपून "आत अडथळा नाही" असं सांगितल्यावरच. आजारी सशासाठी परदेशी बनावटीची पूड ऑनलाइन मिळते, पण ती महाग असते आणि यायला चार दिवस लागतात. दवाखान्यात नसेल तर सशाच्या खाद्यातल्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, गाळण्यातून निघेल इतक्या बारीक करून काम भागतं. किलोमागे दहा-पंधरा मिली एका वेळी, दिवसातून चार-पाचदा, हे ढोबळ प्रमाण. नेमकं डॉक्टर सांगतील.

लहान बाळांच्या गॅससाठीचे सिमेथिकोनचे थेंब बरेच डॉक्टर सुचवतात. शंभराच्या आत मिळतात, फार अपाय नाही, फार चमत्कारही नाही. फोनवर विचारून मगच द्या.

औषधांच्या कपाटातल्या बाकीच्या वस्तू मात्र जागेवरच राहू द्या. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही आपल्या रोजच्या ओळखीची अँटिबायोटिक्स सशाला तोंडाने दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यात ससा दगावू शकतो. असंच दुसरं एक औषध म्हणजे कुत्र्याच्या गोचिडांवर मारायचा फिप्रोनिलचा फवारा. दुकानदार "सगळ्या जनावरांना चालतो" म्हणून देतो, आणि दुसऱ्या दिवशी ससा खायचा थांबतो किंवा त्याला झटके येतात. ससा खात नाही म्हणून दाखवायला नेलात, तर गेल्या आठवड्यात असं काही मारलं होतं का, हे आपणहून सांगा.

कुठे न्यायचं

खरी अडचण इथे आहे. सातारा आणि सांगली हे दुधाचे जिल्हे. इथला जनावरांचा डॉक्टर गाय व्यायली की रात्री दोन वाजता गोठ्यात उभा राहतो, कासदाह त्याला लांबून ओळखता येतो. ससा त्याच्या टेबलावर महिन्यातून एखाददुसरा येतो. यात त्याचा दोष नाही, पण आपण आधी विचारून घेतलं पाहिजे. ससा धडधाकट असतानाच जवळच्या तीन-चार दवाखान्यांना फोन करा आणि साधं विचारा: ससे बघता का? कातडीखाली सलाईन देता का? वेदनेचं औषध सशाच्या मापाने देता का? रविवारी आणि सणाला कुणाला फोन करायचा? "आणा, बघू" आणि "हो, आणताना त्याचं नेहमीचं खाणं आणि सकाळच्या लेंड्या पुडीत बांधून आणा" या दोन उत्तरांत पुष्कळ फरक आहे.

सणाचं मुद्दाम लिहिलं. गणपतीत डीजेचा दणदणाट, दिवाळीत फटाके, आणि नेमके तेव्हाच दवाखाने बंद. घाबरलेला ससा खाणं सोडतो. मिरजेची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या वाटेवर घर असेल तर सशाला दोन दिवस नातेवाइकांकडे पोचवणं हाच सगळ्यात स्वस्त उपचार.

सरकारी दवाखान्यात केसपेपरचं शुल्क नाममात्र असतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तपासणी होते, पण औषधांचा साठा गाई-म्हशींच्या हिशेबाने असल्यामुळे चिठ्ठी घेऊन बाहेर जावं लागण्याची तयारी ठेवा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक प्रामुख्याने पशुपालकांसाठी आहे. सशासाठी गाडी दारात येईल या भरवशावर राहू नये, मात्र जवळचा दवाखाना कोणता हे विचारायला फोन जरूर करावा.

खासगी दवाखान्यांतले दर गावागणिक आणि डॉक्टरागणिक बदलतात, तरी अंदाज यावा म्हणून सांगतो. तपासणीचे दोनशे ते पाचशे. कातडीखालचं सलाईन, वेदनाशामक आणि आतड्याला चालना देणारं इंजेक्शन मिळून एका खेपेला तीनशे ते आठशे. एक्स-रे एका बाजूचा चारशे ते आठशे. बहुतेकदा दोन बाजूंचे लागतात, कारण साठलेला गॅस आणि अडकलेला गोळा यांतला फरक त्यावरून कळतो, आणि त्या फरकावरच पुढचं सगळं अवलंबून असतं. दोन-तीन दिवस नेआण करावी लागतेच. एकूण दीड ते तीन हजार धरून चाला. मोठ्या शहरात दाखल करून ठेवलं तर रोजचे पाचशे ते दीड हजार वेगळे.

एक्स-रेवर काटकसर करू नये असं माझं मत आहे. काटकसर करायचीच तर 'टॉनिक' म्हणून लिहिलेल्या बाटलीवर करा. ससा खात नाही तो भूक मेली म्हणून नव्हे, त्याला दुखतं म्हणून. वेदना थांबवणारं औषध चिठ्ठीत नसेल आणि भुकेचं टॉनिक असेल, तर डॉक्टरसाहेबांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा.

सातारा जिल्ह्यातच एक मोठी सोय आहे आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शिरवळला, खंडाळा तालुक्यात, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९८८ साली स्थापन झालेलं, आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत. शिकवणाऱ्या संस्थेचं चिकित्सालय असल्याने शुल्क खासगीपेक्षा कमी असतं, आणि शस्त्रक्रिया, औषधोपचार या विषयांचे प्राध्यापक एकाच आवारात भेटतात. सातारा शहरापासून खंबाटकी ओलांडून साठेक किलोमीटर; गाडीने जाऊन-येऊन पेट्रोलचे आठ-नऊशे आणि वर टोल. सांगलीहून पेठनाका, कऱ्हाड, सातारा करत एकशे ऐंशी किलोमीटर होतात, म्हणजे पेट्रोलच अडीच हजारांच्या घरात. तेवढ्यात सांगलीत तीन खेपांचा उपचार होतो. म्हणून सांगलीकरांनी आधी स्थानिक किंवा पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरातला डॉक्टर गाठावा. शिरवळ किंवा पुणे हे दात, शस्त्रक्रिया अशा कामांसाठी. निघण्याआधी फोन करून बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि सुट्टी विचारा. आजारी सशाला दुपारच्या उन्हात चार तास हलवत नेऊन बंद दरवाजा बघणं परवडत नाही.

प्रवासात पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून खाली गोणपाट घाला. ओली भाजी सोबत ठेवा.

दात, आणि उपाशी ठेवण्याचा घोळ

महिन्या-दोन महिन्यांनी तेच दुखणं परत येत असेल तर दात बघायला सांगा. सशाचे सगळे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चघळून ते झिजतात; पोळी-बिस्किटांवर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोकं येतात आणि ती जिभेला, गालाला टोचतात. ससा भांड्यापाशी येतो, तोंडात घास घेतो आणि टाकून देतो, हनुवटी ओली राहते. हे दिसलं तर पोटाची औषधं कितीही घाला, फरक पडणार नाही. दाढा घासायला भूल लागते आणि खर्च दोन हजारांच्या पुढे जातो. पुढचे दात नखं कापायच्या कात्रीने तोडून घेऊ नका. दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो.

भूल द्यायची म्हणून "रात्रीपासून उपाशी ठेवा" असं कुणी सांगितलं तर थांबा. हा नियम कुत्र्या-मांजरांचा, कारण त्यांना भुलेत उलटी होऊ शकते. सशाला उलटी होत नाही, आणि रात्रभर उपाशी ठेवलं तर आतडं थांबण्याचं नवं दुखणं हातात येतं. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्याकडेच सशाची शस्त्रक्रिया करा.

गवताचा बाजार

पुण्या-मुंबईचे लोक परदेशी टिमोथी गवताची पाकिटं मागवतात. किलोला पाचशेच्या पुढेच. दोन किलोच्या सशाला महिन्याला दोन-तीन किलो गवत लागतं, म्हणजे हजार-पंधराशेचा खर्च दरमहा ठरलेला. आपल्याकडे याची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जावळी-पाटणच्या डोंगरउतारांवर गवत कापणी सुरू होते. मारवेल, पवन्या अशी वाळलेली गवतं सशाला उत्तम. ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतलं तर किलोला दहा-वीस रुपये. चार महिन्यांचं एकदम घेऊन कोरड्या खोलीत फळीवर ठेवा. बुरशीचा वास आला तर फेकून द्या.

घेताना पेंडी सोडून, हात घालून बघायचं. विचारायचं, "मामा, कुसळ नाही ना यात?" कुसळी गवताची टोकदार कुसळं सशाच्या जिभेत, हिरडीत रुततात आणि मग तो तोंड उघडायला तयार होत नाही. आणखी एक शोधायचं ते गाजरगवत. बांधावरच्या मिसळ गवतात ते हमखास असतं, आणि ते विषारी आहे. घाणेरीचंही तसंच.

तासगाव, पलूस, मिरज भागात अजून एक काळजी. द्राक्षबागेतलं हिरवंगार, लुसलुशीत गवत बघून हात शिवशिवतात. ऑक्टोबर छाटणीनंतर त्या बागांत औषधांच्या फवारण्यांची रांग लागते आणि ते सगळं खालच्या गवतावरही पडतं. उसात तणनाशक मारलेलं असतं. त्यापेक्षा परसातली हरळी बरी.

शाळूच्या कडब्याची सुकलेली पानं अधूनमधून चालतात. पेंडी पंधरा-तीस रुपयांना मिळते, फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वस्त. जत-आटपाडीकडे पाऊस ओढ देतो त्या वर्षी मे महिन्यात तिचा भाव विचारू नका. कोवळी हिरवी ज्वारी मात्र कधीच नको. जी खाऊन किराळ लागून गुरं दगावतात, ती सशाला कशी सोसेल? लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो, मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातलं कॅल्शियम लघवीच्या वाटेवर त्रास देतं.

दूधवाल्यांच्या घरात घडणारी एक गोष्ट म्हणजे म्हशीच्या गोळीपेंडीतली मूठभर सशापुढे टाकणं. काही पशुखाद्यांत युरिया असतो. रवंथ करणाऱ्या जनावराला तो पचतो, सशाला नाही. सशाचं स्वतःचं गोळीखाद्य किलोला दीडशे ते चारशे रुपयांत मिळतं आणि दोन किलोच्या सशाला दिवसाला दोन मोठे चमचे पुरतात, त्यामुळे किलोभर महिनाभर जातं.

आणि महाबळेश्वरचं गाजर. चित्रातल्या सशाच्या हातात ते असतं म्हणून आपण पिशवीभर आणतो. गाजरात साखर बरीच. अंगठ्याएवढा तुकडा, तोही आठवड्यातून दोनदा, बास. पाला हवा तेवढा. बेदाणे, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, कंदी पेढ्याचा कण, पोळी, मारी बिस्किट हे सगळं आतड्यातल्या जिवाणूंची घडी मोडतं. ससा आवडीने खातो म्हणून ते त्याचं खाणं ठरत नाही. बदल मात्र एका दिवसात करू नका, आठ-दहा दिवस घ्या. अचानक खाणं बदललं तर तेच दुखणं पुन्हा येईल.

ऊसतोडीच्या दिवसांत फडात तपकिरी पिल्लू सापडतं आणि कुणीतरी "ससा पाळायला" घरी आणतो. तो रानससा. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळायला मनाई आहे, आणि तो पिंजऱ्यात दूध-भाकरी खातही नाही. आई दिवसा पिल्लांपासून लांबच असते, म्हणून ते पोरकं नसतं. शेजारच्या न तोडलेल्या उसात किंवा बांधाच्या झुडपात ठेवा, नाहीतर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

पावती

उपचार झाला की केसपेपर आणि पावती मागा. औषधाचं नाव, मात्रा आणि सशाचं वजन लिहिलेलं हवं; पुढच्या वेळी रात्री दुसऱ्या डॉक्टरला फोन करताना हाच कागद कामाला येतो. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे तपासणीच्या रकमेवर तो लावला असेल तर विचारा. दुकानातल्या औषधांच्या छापील किमतीत तो धरलेलाच असतो. पाळीव प्राण्यांचे विमे बहुतेक कुत्र्या-मांजरांपुरतेच असतात. त्यापेक्षा महिन्याला शंभर रुपये बाजूला टाका.

डॉक्टर नोंदणीकृत आहे का हे महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे विचारता येतं, आणि व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रारही तिथेच. पैसे मोजून घेतलेल्या उपचारात हयगय झाली असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्ला घ्या, आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत अर्ज करा. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही. २०१९च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. पुण्यात उपचार घेतलेल्या सांगलीकराला तारखांसाठी पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत.